विमानाचे एकोणीस दोष

पमे,

परवा तुझी तेरवी झाली. सक्करदऱ्याला तुमच्या दारातला मांडव लहान आणि माणसं जास्त, म्हणून मी आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या चौघीजणी समोरच्या घराच्या ओट्यावर बसलो. जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. 'लय चांगली पोरगी होती.' 'कामाले चांगली, बोलायले चांगली.' आपल्या सुपरवायझरबाईंनी तर डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, 'इतकी चांगली मुलगी आता ट्रंक बोर्डावर पुन्हा बसायची नाही.' याच बाईंनी तुला उलट बोलण्याबद्दल दोनदा मेमो दिला होता. मी मनात म्हणत होते, बायांनो, ही आत्ता उठून बसली ना, तर एकेकीला फैलावर घेईल.

कारण तुमच्या घरी 'चांगलं' कशाला म्हणतात, ते तिथे जमलेल्यांत फक्त तुझ्या बाबांना आणि मला ठाऊक होतं. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा बाबांचा माग अजून चालू होता. नुकतंच मागावरून उतरलेलं लुगडं तुम्ही दोघांनी दोन टोकांना धरून दारातल्या उजेडात ताणलं होतं आणि एकेक दोष मोठ्याने सांगत होतात. इथे धागा ढिला, इथे काठ केसभर पुढे गेला, इथे गाठ वर आली. बाबांनी पाच काढले, तू आणखी तीन. मला त्या लुगड्याची दया आली. मी म्हटलं, 'किती चांगलं आहे हो!' तर तुम्ही दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू शिवी दिली. मग शेजारच्याने आपलं एक लुगडं दाखवायला आणलं. बाबांनी ते अर्धवट उलगडून पाहिलं, 'चांगलं आहे' म्हणाले आणि घडी घालून परत दिलं. शेजारी पडेल तोंडाने गेला.

मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आलीस तेव्हा तू समजावून सांगितलंस. 'ज्याच्यात दोष काढाव वाटते ना सुले, ते कापड आपलं. ज्याले नुसतं चांगलं म्हटलं, त्याची घडी घालाची अन् देऊन टाकाची. संपला विषय.'

मी तेव्हा हसले होते. बोर्डावर तुझ्या शेजारी बसायला लागून मला महिनाच झाला होता, आणि त्या महिन्यात तू माझ्या चुकांची रोज एक यादी देत होतीस. मी बोर्डाच्या भोकात दोर खोचताना मनगट वाकडं करते. मी 'भिवापूर, भिवापूर' असं ओरडते, त्याने भिवापूरची लाइन लवकर लागत नाही, फक्त मिरचीचा व्यापारी आणखी ओरडतो. मी कॉलच्या तिकिटावर आकडे फार दाबून लिहिते, खालचं कोरं तिकीटसुद्धा वाचता येतं. मला वाटायचं, ही बाई माझ्या मागे का लागली आहे? त्या दिवशी तुमच्या दारातून परतताना पहिल्यांदा वाटलं की मला नागपुरात एक मैत्रीण मिळाली.

आज तुझी नोकरी, तुझं घर, तुझं आजारपण यातलं काही लिहायचं नाही. मला सदरमधल्या त्या दुकानाबद्दल लिहायचं आहे. आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी तीन वर्षं जिभेवर आली आणि परत गेली.

शनिवारी आपली ड्युटी दोनला सुटायची. सदरमधून सायकली हातात धरून चाललो होतो, तेव्हा ती पाटी तुलाच आधी दिसली. 'व्हिडिओ गेम'. आत गभणेकाका, निवृत्त ग्रंथपाल. भविष्यनिर्वाह निधी पुस्तकांत घालण्याऐवजी त्यांनी मशिनी भाड्याने आणल्या, म्हणून घरात कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. दोनच मशिनी होत्या. एक मोटारीची, एक विमानाची. समोर वाचनालयातूनच आणलेल्या वाटाव्यात अशा दोन वेताच्या खुर्च्या. आणि भिंतीला सुतळीने बांधलेली जाडजूड अभिप्रायवही. तिच्यावर काकांच्या वळणदार अक्षरातली सूचना: 'खेळल्याशिवाय लिहू नये. लिहिल्याशिवाय जाऊ नये.'

आपण आत पाऊल टाकलं तशी कॉलेजची पोरं गप्प झाली. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मी मागे वळणार होते. तू मात्र सरळ विमानाच्या मशीनसमोर जाऊन बसलीस आणि विचारलंस, 'याचा कोणता दांडा कायले आहे?'

पहिल्या शनिवारी तुझं विमान अर्ध्या मिनिटात पडलं. दुसऱ्याला एका मिनिटात. पाचव्या शनिवारी तुझ्या खुर्चीमागे पोरं उभी राहायला लागली, आणि आता ती वेगळ्या कारणाने गप्प होती. तुझं खेळणं मी तीन महिने पाहिलं आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही. बाकीचे दांडा मुठीत आवळायचे, तोंड वाकडं करायचे, विमानाबरोबर स्वतःही तिरके व्हायचे. तू दोन बोटांनी दांडा धरायचीस. पाठ ताठ. आणि खाली तुझा उजवा पाय ताल धरून फरशीवर पडत असायचा, मागाच्या पावड्यांवर पडतो तसा. त्या पायाचा खेळाशी काही संबंध नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, 'पाय चालला नाही तर हात चालत नाही माह्या.' तुझ्या बाबांचा माग त्याच वर्षी बंद पडला, हे मला मागाहून कळलं.

शत्रूची विमानं मागून यायची तेव्हा पोरं ओरडायची, 'ताई, मागे! ताई, मागे!' तू मान न वळवता म्हणायचीस, 'मले ऐकू येऊन राहिलं.' आणि खरंच तुला ऐकू यायचं. त्या मशीनच्या चिरक्या आवाजात एक बारीक शिट्टी मिसळायची आणि मग शत्रू दिसायचा, हे सबंध सदरमध्ये तुझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दिवसभर कानाला यंत्र लावून खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायची आपली नोकरी, ती तू तिथे वापरलीस. मीही तीच नोकरी करत होते, पण मला नाही सुचलं. तुझं कौतुक मला तेव्हाही होतं आणि तुझ्या तोंडावर ते सांगायची सोय नव्हती.

माझं खेळणं आठवतं? मी गोळी झाडायचीच नाही. माझे वडील दीक्षाभूमीवरून आले त्या दिवसापासून आमच्या घरी मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करतात. तेव्हा पडद्यावरची का होईना, माझ्याने विमानं पाडवेनात. मी नुसती चुकवत राहायची. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यामुळे माझं विमान टिकायचं बराच वेळ, पण गुण शून्य. पोरं पोट धरून हसायची. आपलं भांडण त्यावरूनच सुरू झालं.

'गोळी नाही झाडाची तर विमान कायले घेतलं? पतंग उडव नं,' तू म्हणालीस.

'मी मारत नाही म्हणून तर इतका वेळ आभाळात राहते.'

'राहून काय करते वं?'

'बघते.'

'काय पाह्यते? ढग? सगळे एकाच ठशाचे ढग आहेत ते!'

ते भांडण चहाच्या टपरीवर चाललं, सायकलवर चाललं, सोमवारी बोर्डावर दोन कॉलच्या मधल्या फटीत चाललं. तुझं म्हणणं, खेळाने सांगितलेलं काम अंगावर घेतलं तर ते नीट करावं. माझं म्हणणं, कामात थोडी आपली मर्जी चालत असेल तर चालवून घ्यावी. त्याचा निकाल लागला नाही. आता लागणारही नाही, आणि खरं सांगायचं तर मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं.

खेळून झालं की वही. लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं! एका मेडिकलच्या विद्यार्थ्याचं: 'खेळ उत्तम. परंतु तीनदा मेल्यावर मनुष्य ताजातवाना कसा?' एका वकिलाचं: 'शत्रू कोण व युद्ध कशासाठी, याचा कोठेही खुलासा नाही. तरी आनंद झाला.' कापडदुकानदाराचं: 'पंखा विमानाकडे फिरवावा. दुश्मन आला की घाम फुटतो.' कोण्या पेन्शनराचं: 'डोळ्यांना त्रास. पुन्हा येईन.' आणि दर शनिवारी माझं: 'छान आहे.' ते वाचून तुझा जीव जायचा. 'काहून वं, इतक्या मोठ्या ओळीत दोनच शब्द? काकाच्या वहीचा अपमान करून राहिली तू.'

तू स्वतः मात्र पहिले दोन-अडीच महिने काहीच लिहिलं नाहीस. काका म्हणायचे, 'प्रमिलाबाई, नियम आहे.' तू म्हणायचीस, 'पाहून घेऊ द्या काका. घाईनं नाही होत.' काकांनी फक्त तुझ्यासाठी नियम मोडला. सहाव्या स्टेजला समुद्र लागायचा. त्याच्या पलीकडे सातव्या स्टेजला जहाजावर विमान उतरवायचं असतं असं काका सांगायचे, पण ते कोणी पाहिलं नव्हतं. एका शनिवारी तू समुद्र ओलांडलास. लांब पाण्यावर काडेपेटीएवढं जहाज दिसलं. आणि तू त्याच्या थोडी वरून निघून गेलीस, विमान पाण्यात. पोरं हळहळली. तू उठलीस, वही ओढलीस आणि उभ्याने दोन पानं लिहून काढलीस. एकोणीस दोष, क्रमांक घालून.

ती पानं मला जवळजवळ पाठ आहेत. 'विमान वळत नाही, आभाळ वळते.' 'पाडलेले विमान मधेच नाहीसे होते. पडते तर कोठे पडते ते दाखवावे.' 'समुद्रावर आपली सावली नाही.' 'दांडा डावीकडे जड, उजवीकडे हलका.' 'वैमानिकाला नाव नाही.' 'खुर्चीचा मागचा पाय आखूड आहे.' आणि एकोणिसावा: 'लवकर संपते.'

लिहून झाल्यावर तुझा चेहरा मी पाहिला होता. लुगडं उजेडात धरून झाल्यावर तुझ्या बाबांचा व्हायचा तसाच. पुढच्या वेळी जहाजावर उतरते की नाही पाहा, असं तू मला सायकलस्टँडवर म्हणालीस. हे शनिवारचे पाऊण तास तुझे होते, पमे. पगार घरी, रविवार आईच्या दवाखान्याला, बाकीचे दिवस दुसऱ्यांची गावं दुसऱ्यांना जोडून देण्यात. तुझ्या मालकीचं एवढंच होतं आणि ते मला चांगलं माहीत होतं.

आता ती गोष्ट.

त्याच आठवड्यात मी तुला प्रकाशला भेटवलं. माझं त्याच्याशी ठरत होतं. घरच्यांना पसंत, मला पसंत, फक्त तुझं राहिलं होतं. सदरमध्ये आपण तिघांनी चहा घेतला. तू त्याला गभणेकाकांकडे नेलंस. तो बिचारा दोन्ही मशिनींवर खेळला, दोन्हीवर हरला आणि वहीत लिहिलं, 'दोन्ही मशीन छान.' तू ते वाचलंस आणि वही मिटलीस. तो गेल्यावर मी विचारलं, 'कसा वाटला?'

'चांगला आहे,' तू म्हणालीस.

'चांगला म्हणजे?'

'चांगला म्हंजे चांगला. मले उशीर होऊन राहिला.' आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलीस.

मी तिथेच उभी राहिले. एक दोष काढला असतास तर चाललं असतं. नाक मोठं आहे, केस विरळ आहेत, काहीही. तू त्याची घडी घालून परत दिलीस, त्या शेजाऱ्याच्या लुगड्यासारखी. मला इतका राग आला की घरी जाऊन जेवणही गेलं नाही.

चार दिवसांनी काकांचा निरोप आला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. भाड्याच्या मशिनींतली एक दर तीन महिन्यांनी परत जायची आणि बदली दुसरी यायची. कोणती जाणार ते काका वहीवरून ठरवायचे. 'लोकांचा कौल घ्याचा, आपल्या मर्जीनं नाही ठरवाचं,' असा त्यांचा खाक्या. या वेळी त्यांना वाचता येत नव्हतं. 'सुलोचनाबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तेवढा तक्ता करून द्या. एका रकान्यात प्रशंसा, एका रकान्यात तक्रारी. नंबर घालून लिहिलं असन तर दर नंबर वेगळा धराचा.'

मी दुपारी एकटी दुकानात बसून तक्ता केला. काका पट्टी बांधून शेजारी पेंगत होते. तुझ्या दोन पानांपर्यंत आले तेव्हा विमान पुढे होतं. तुझी पानं प्रशंसेत धरली असती, नव्हे, अजिबात धरली नसती तरी विमान राहिलं असतं. ती पानं काय आहेत ते मला माहीत होतं. नागपूर शहरात तुझ्या बाबांनंतर मलाच माहीत होतं. त्यातला अकरावा दोष मी तेव्हा पहिल्यांदा वाचला: 'जो गोळी न झाडता टिकतो त्याला गुण नाहीत. द्यायला पाहिजेत.' तीन महिने माझ्याशी भांडून तू माझीच बाजू वहीत लिहून ठेवली होतीस.

ते वाचूनही मी थांबले नाही. मनात म्हटलं, तू 'चांगला' म्हणून माझ्या माणसाची वाट लावतेस ना? मग तुझ्या तक्रारीही तक्रारीच. आणि एकोणीसच्या एकोणीस तक्रारींच्या रकान्यात टाकले.

बेरीज ऐकून काका पट्टीखालून चुकचुकले. 'म्हंजे विमान जाते. प्रमिलाबाईले आवडत नव्हतं मंग? मले तर वाटलं...'

'वहीत आहे तसं मांडलं, काका,' मी म्हणाले.

शनिवारी आपण गेलो तेव्हा विमानाच्या जागी फरशीवर धूळ नसलेला एक चौकोन होता. नवी मशीन यायची होती. तू त्या चौकोनाशी उभी राहिलीस. 'कुठं गेलं, काका?' काकांनी तक्ता काढून दाखवला, 'लोकांचा कौल, बाई.' तू तो बराच वेळ हातात धरलास. माझं अक्षर तू रोज शेकडो तिकिटांवर वाचत होतीस. मला वाटलं, आता तू वळशील आणि विचारशील. उत्तर मी तयार ठेवलं होतं, रागाचं, चांगलं धारदार. तू तक्ता परत दिलास आणि म्हणालीस, 'चाल, चहा घेऊ.' चहाच्या टपरीवर तू भंडाऱ्याच्या नव्या लाइनीबद्दल बोललीस. माझं धारदार उत्तर तसंच राहिलं आणि आठवडाभरात ते मलाच टोचायला लागलं.

तू ओळखलंस की नाही? तीन वर्षं मी हाच विचार केला. पुन्हा तू कुठल्याही मशीनवर बसली नाहीस. बोर्डावर मात्र काम कमी असलं की तुझी दोन बोटं टेबलाच्या कडेवर हळूच तिरकी व्हायची आणि खाली पाय चालायचा. ते दिसलं की मी दुसरीकडे बघायची.

माझ्या लग्नात तू आलीस, राबलीस, कोणाला काही बोलली नाहीस. वर्षभराने आमच्याकडे जेवायला आलीस आणि हात धुता धुता मला म्हणालीस, 'तुया नवरा चहा फुरकून पेते. पेपर वाचून झाला का घडी घालत नाही. वरण चाखून न पाह्यता मीठ घेते. अन् तू बोलून राहिली असली का मधातच हो-हो म्हणते, आयकत काही नाही.' मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. प्रकाशला वाटलं, मैत्रिणीने अपमान केला म्हणून रडते आहे. 'फटकळ आहे तुझी पमा,' तो म्हणाला. मी त्याला काय सांगणार? तू त्याला तुझ्या माणसांत घेतलंस, आणि आपला पहिला अंदाज चुकला हेही त्याच यादीत कबूल करून टाकलंस. त्या दिवशी तरी मी माझं कबूल करायला हवं होतं. ओठावर आलं होतं. तू म्हणालीस, 'हिरव्या मिरच्या जास्त झाल्या ठेच्यात,' आणि मी म्हणाले, 'हो ना.'

मग गेल्या महिन्यात ती कावीळ. पहिल्यांदा तू उसाच्या रसावर निभावून नेऊ पाहिलंस, मग वॉर्डात. मी दुपारची यायची. शेवटच्या भेटीत तुझे डोळे हळदीसारखे होते, पण नजर तीच. तुझी आई पाणी आणायला गेली, आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, 'बोल.'

मी म्हणाले, 'काय बोलू?'

'काही बोलाचं असन तर बोल नं वं.'

मी म्हणाले, 'आज ऊन फार आहे बाहेर.'

तू जराशी हसलीस. माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, 'चांगली आहेस तू, सुले.'

बाकी कोणाला हा आशीर्वाद वाटला असता. मी वॉर्डाबाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले. सात वर्षं जिने माझ्या मनगटापासून माझ्या संसारापर्यंत दोष काढले, तिने मला चांगली म्हटलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तेव्हापासून परवाच्या तेरवीपर्यंत मी तेच घेऊन फिरते आहे की तू माझी घडी घालून ठेवलीस. आणि का ठेवू नयेस?

काल मला राहवेना. मी गभणेकाकांकडे गेले. दुकानाच्या अर्ध्या भागात आता कॅसेट भाड्याने मिळतात. काकांना तुझं कळलं होतं. मी म्हटलं, 'काका, ती जुनी वही आहे का? तिच्या हाताची दोन पानं पाहू द्या.' ग्रंथपालच ते, कागद टाकणार नाहीत. वरच्या फळीवरून पुडक्यात बांधलेली वही काढून दिली आणि म्हणाले, 'आजारी पडायच्या आधी येऊन गेली प्रमिलाबाई. हेच पुडकं मागितलं. मी म्हटलं, बाई, मशीन जाऊन तीन वर्षं झाली, आता अभिप्राय कशाचा? तर म्हणे, विमानाचा लिहून झाला काका, तक्त्याचा लिहाचा राहिला.'

मी तुझी दोन पानं उलटली. पुढे माझा तक्ता डकवलेला होता. त्याच्याखाली, नव्या शाईत, तुझं अक्षर. तेही क्रमांक घालून, पमे.

'या तक्त्यातील दोष. एक, मधली रेघ पट्टी न लावता मारली आहे. दोन, शाई अर्ध्यात बदलली. तीन, "छान आहे" हे प्रशंसेत धरले, ते कशातच धरू नये. चार, माझे एकोणीस चुकीच्या रकान्यात आहेत. पाच, नजरचुकीने नाही. त्या ओळीला पेन दाबून लिहिले आहे, मागच्या पानावर उमटले. सहा, रागाचे कारण खरे होते, शिक्षा विमानाला झाली. सात, करणारीने अजून सांगितले नाही. सांगेल.'

मी ते शेवटचं वाचत राहिले. काकांनी विचारलं, 'काय लिहिलं बाईनं?' मी पुन्हा पहिल्या दोषापासून वाचायला लागले. वॉर्डातली ती 'चांगली' कशासाठी होती ते मला अजून कळलेलं नाही, पण तुझं 'बोल' कशासाठी होतं ते कळलं. तुझ्याकडे एकच दुपार उरली होती आणि ती तू मला देऊन पाहिलीस. मी तुला ऊन सांगितलं.

पमे, ते एकोणीस मी मुद्दाम टाकले होते. मला माहीत होतं आणि तरी टाकले. सांगितलं वं.